फ्रीजरमधले ताईचे डबे

ताई जाऊन चार महिने झाले. भेटेल तो तिचा एखादा किस्सा हातात ठेवतो, आणि वर म्हणतो, "रडू नको!" माझ्याजवळ तर ढीग झालाय. थोडे तुम्हीही घ्या.

ताई शहरात लॅबमध्ये पीएचडी करत होती. मी सातवीतून पळालेला. सास्तूरच्या शिवारात तारेचं कुंपण मारतो. एकदा विचारलं, "ताई, तू करतीस काय नेमकं?"

"उसात डुक्कर शिरलं. हाकलायला माणसं आत घालायचीत. तार किती तोडशील?"

"माणूस जाईल एवढी."

"घाबरून सगळीच तोडली तर?"

"मग डुक्कर राहिलं बाजूला, गावची ढोरंच ऊस खातील की!"

"झालं! फुफ्फुसात पेशींभोवती अशीच जाळी असती. विषाणू शिरला की शरीरातली एन्झाइम ती कापून आपल्या सैनिकांना वाट देतात. किती कापली तर बरं, तेवढंच शोधतीय."

तेव्हापासून मी टपरीवर सांगायचो, "आमच्या घरात पीएचडी दोघं!"

*

शेजारच्या काकू ताप घेऊन आल्या. "डॉक्टर झालीस न्हवं? गोळी दे."

"काकू, मी उंदरांची फुफ्फुसं तपासते."

"मग आमच्या कणगीतले तेवढे बघून जा!"

*

मग फ्लूची साथ आली. ताईलाच धरलं. डॉक्टर म्हणाले, "विषाणू जवळजवळ गेलाय." मी भडकलो, "मग तिला दम का लागतोय?"

ताईनं मास्क बाजूला केला. "तार जास्त तुटली रे, सोम्या."

"मी जोडतो की! पक्कड आणू?"

ती हसली, मग खोकली. नर्सबाई दोघांवर ओरडल्या. त्यानंतर ती हसली नाही.

*

परवा तिच्या लॅबमधल्या मॅडमचा फोन आला, तिच्या वह्या घेऊन जा म्हणून.

मी विचारलं, "अन् तिनं फ्रीजरमध्ये जपलेले नमुन्यांचे डबे?"

"काम पुढं कुणी घेतलं नाही, तर टाकावे लागतात."

मी फोन कापला, गाडीला किक मारली. आईनं पिशवी हातात कोंबली. "एवढ्या गारठ्यात ठेवलंय व्हय पोरीचं सारं? ही शाल घाल त्यावर."

लॅबमध्ये शिरताच ओरडलो, "ताईचे डबे टाकायचे न्हाईत!"

मॅडमनी फ्रीजर उघडला. पांढरी वाफ आली. तिसऱ्या कप्प्यात डबेच डबे, प्रत्येकावर ताईचं बारीक अक्षर. लाजत शाल काढली, आईचा निरोप सांगितला.

मॅडम डब्यांकडं बघत राहिल्या. मग शाल स्वतःच्याच खांद्यावर घेतली.

"आता रोज हे डबे काढायचे म्हणजे गारठा मलाच बाधणार. आईंना सांग, शाल मी घेतली."