माघातले बिबडे
शिजत्या ज्वारीच्या पिठाला लसणाचा वास सुटला की मला भडगावची आमची गच्ची आठवते. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मी सासरहून माहेरी आले होते आणि जाताना लेकीला बिबड्यांचा डबा द्यायचा, म्हणून गल्लीतल्या बायकांनी नेहमीसारखे आखाजीच्या तोंडावरच बिबडे घातले होते. ओल्या धोतरांवर ज्वारीचे ते पापड पसरून झाले आणि दुपारी आभाळ काळं झालं. गारा अशा कोसळल्या की पीठ जिन्यावरून वाहिलं. "आखाजीला गारा?" आई कपाळाला हात लावून बसली. मी शहाणपणा पाजळला, "कोळसा, डिझेल जाळून माणसांनीच हवा तापवली, म्हणून ऋतू बिथरलेत." शेजारच्या अक्का धोतर पिळता पिळता कडाडल्या, "बठ्ठं जग धूर करस, आन् गारा आमना बिबडासवर!" मग पातेल्यात उरलेल्या गरम घाट्यावर, त्या शिजवलेल्या पिठावर, तेल ओतून त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि फर्मान काढलं, "पुढला साले माघमा घालूत." आई म्हणाली, "माघाच्या उन्हात वाळायला दोन दिवस लागतील." "लागू द्या," अक्का म्हणाल्या. त्यांचंच खरं ठरलं. आमच्या गल्लीतले बिबडे पुन्हा भिजले नाहीत. यंदा मीही सासरी देवपूरला माझ्या गच्चीवर माघातच घातले. दोन दिवसांची तयारी ठेवली होती, पण दुपारच्या जेवणाआधीच ते खडखडीत वाळले. मी मोठ्या अभिमानानं अक्कांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "माघमा?"