आत्याबाईचा गडवा

आमच्या आत्याबाईला तहानेची फार भीती वाटायची. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. पाहुण्याने दारात चप्पल काढली की तिचा पितळी गडवा त्याच्या हातात गेलाच. नको म्हणणाऱ्याकडे ती संशयाने पाहायची. "पान्याले नाही म्हनते! घरून भांडून आला का रे?"

ही भीती आसगावच्या शेतातून आलेली. तिची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तलावापासून सर्वांत शेवटची. वरच्यांचं भागलं की हिला पाणी, तेही उरलं तर. रोवलेला धान तिने डोळ्यांदेखत वाळताना पाहिला होता. तेव्हापासून काहीही मलूल दिसलं की तिला एकच कारण सुचायचं.

मागच्या पावसाळ्यात सुनंदाचं, माझ्या बायकोचं, नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ काढली आणि तपासायला पाठवली. मुलगी तिच्याजवळ थांबली. सुटी संपली म्हणून मी साकोलीला परतलो, आणि घर सांभाळायला आत्याबाई आली. निघताना सुनंदाने मला एकच काम सांगितलं होतं : "माझ्या आयव्हीला सांभाळा." खिडकीतला तो वेल तिने साकोलीच्या उन्हाळ्यातही जगवून दाखवला होता.

रिपोर्ट यायचा होता. आणि इकडे वेलाची पानं पिवळी पडू लागली. मी हिशेबी माणूस, शकुनबिकुन मानत नाही. तरी त्या खिडकीपुढून जाताना मी मान दुसरीकडे वळवायचो. आत्याबाई मात्र येता-जाता गडवा रिकामा करायची. मी म्हटलं, "आत्या, पाणी जास्त तर होत नाही?" ती माझ्यावरच उखडली. "मान टाकून राहिला तो, दिसत नाही तुले? तहानला हाय बिचारा!"

सुनंदाने फोनवर वेलाची चौकशी केली, तेव्हा आत्याबाईने माझ्या हातून फोन ओढून घेतला. "मस्त हाय सूनबाई, हिरवागार! तू आपल्या जिवाकडे पाह्य." फोन ठेवला आणि देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले. "खोटं बोलली रे बाबा. राग माह्यावर काढ, तिच्यावर नको काढू."

दुसऱ्या दिवशी झाडताना मी कुंडी उचलली. हाताला भलतीच जड लागली आणि आत पाणी डुचमळलं. बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीला भोकच नव्हतं. सुनंदा अंदाजाने घोटभर पाणी घालायची, म्हणून ते कधी लक्षात आलं नव्हतं. आतली कुंडी बाहेर काढली तसा वास सुटला. आत्याबाई जागीच थिजली. बांधीतलं पाणी हटलं नाही की सडणाऱ्या धानाचा हाच वास येतो, तो तिला अनोळखी नव्हता.

"बाबू," ती हळूच म्हणाली, "मीच मारला का रे सूनबाईचा वेल?"

समजूत घालण्याऐवजी मी कात्री शोधून आणली. अंगणात पोतं अंथरून आम्ही मुळं मोकळी केली. आत्याबाई एकेक मूळ बोटांनी चाचपून सांगायची आणि मी कात्रीने कापायचो. काळी, बुळबुळीत मुळं गेली. पांढरी, टणक अशी मूठभरही उरली नाहीत. रेती मिसळलेल्या कोरड्या मातीत, खाली भोकं असलेल्या डब्यात वेल लावला. दोन हिरवे शेंडे कापून ओल्या रेतीत खोचले. मेलाच, तर निदान त्याचं काही उरावं म्हणून.

आता करायचं काहीच नव्हतं, आणि तेच सर्वांत कठीण होतं. मी रोज सकाळी डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचो. वजन उतरल्याशिवाय पाणी नाही, असं ठरवलं होतं. आत्याबाई म्हणायची, "झाडाचा बाजार मांडला का रे? तोलून राहिला!" पण तीही ऐकत होती. सवयीने ती गडवा भरायची, वेलापुढे जाऊन उभी राहायची, त्याच्याकडे पाहत राहायची, आणि मग गडवा स्वतःच्या तोंडाला लावून तिथेच रिकामा करायची. दिवसातून कितीदा तरी. "मले फुगवून मारते हा वेल," असं पुटपुटत.

रिपोर्ट आला. जे नको होतं, तेच त्यात होतं. उपचार लांबणार होते. सुनंदा घरी आली, तेव्हा वेलाला जेमतेम चार पानं होती आणि शेंड्याला नखाएवढं पाचवं फुटत होतं. तिने डबा पाहिला, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले. "हिरवागार म्हणे!" ती म्हणाली, आणि नागपूरहून आल्यावर पहिल्यांदा हसली. आत्याबाईने पदर तोंडाला लावला.

धान कापणीला आला तशी आत्याबाई आसगावला निघाली. बसमध्ये चढताना तिने गडवा माझ्या हातात दिला. "ठेव तुह्याजवळ. मले तं तिकडे तलाव हाय."

उद्या पुन्हा नागपूरला तपासणी आहे. सुनंदा खिडकीशी बसली आहे; वेल आता गजापर्यंत चढला आहे. दुखतंय का, जेवलीस का, भीती वाटते का, हे मी सकाळपासून तिला अनेकदा विचारलं आहे आणि तिचा चेहरा दर वेळी थोडा अधिक उतरला आहे. आता पुन्हा विचारायला मी दारापर्यंत गेलो होतो. तिथून स्वयंपाकघरात वळलो, गडवा भरला, आणि उभ्यानेच सगळा प्यालो.