काळ्या पडद्याचे सर

गंगाखेडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात नवीन बॅच आली की सर पहिल्याच दिवशी सगळे माऊस काढून कपाटात ठेवत आणि वर कुलूप लावत. पोरं एकमेकांकडे बघत बसायची. सर म्हणत, "बोट दाखवून भाजी घेता येती. कॉम्प्युटरला तोंडानं मागावं लागतं." मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टाइप करायला लावत. काळ्या पडद्याचे सर हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं. मी तिथेच शिकले आणि पुढे त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले.

सरांनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव 'शोध'. त्याला ना रंगीत खिडक्या, ना बटणं. साध्या मजकुराची फाईल घ्यायची, प्रत्येक नोंद एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम. मग 'शोध' लिहून पुढे हवं ते विचारायचं, की जुळणाऱ्या ओळी खाली उतरायच्या. एसटीच्या वेळा, पोरांचे मार्क, घरातली पुस्तकं, सगळं सर त्यातच ठेवत. काही सापडलं नाही तर पडद्यावर 'शून्य ओळी' असं यायचं. पोरं हिरमुसली की सर हसत. "न्हाई, हे बी उत्तरच हाय की."

सर चुडाव्याचे. लग्न केलेलं नव्हतं, घरी ते आणि आई. रोज रेल्वेने ये-जा करत. आई अलीकडे विसरायला लागली होती. चुलीवर दूध ठेवून अंगणात जाऊन बसायची, सरांना कधी कधी "तुमी कोण?" म्हणायची. एका दुपारी सर क्लासात असताना ती घरातून निघाली आणि स्टेशनावर गेली. चहावाल्याने तिला गाडीत चढताना पाहिलं. गाडी पूर्णेकडे गेली की नांदेडकडे, ते काही त्याला नक्की सांगता येईना.

सरांनी पोलिसांत तक्रार दिली, स्टेशनं पालथी घातली, फोटो वाटले. मग निराधार वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांशी संपर्क केला. त्यांचे स्वयंसेवक मोबाईलवर याद्या पाठवू लागले. कुठली हिंदीत, कुठली इंग्रजीत, फोटो क्वचितच. आम्ही दोघं ते सगळं मराठीत टाइप करून एका फाईलमध्ये घालत होतो: नाव, अंदाजे वय, कपडे, स्वतः सांगितलेलं गाव, आणखी काय बोलते ते. फाईल वाढत गेली. किती म्हाताऱ्या माणसांना घर सापडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आईचं नाव लक्ष्मी. 'शोध लक्ष्मी.' 'शोध चुडावा.' 'शोध चुडवा', कारण लिहिणारा काना विसरू शकतो. सर नाव उलटसुलट करून विचारत राहायचे. शून्य ओळी. आता ते हसत नव्हते. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "तिनं खाल्लं असंल का गं?" आणि डबा तसाच झाकून ठेवायचे.

एकदा ओळ आली. लक्ष्मीबाई, हिरवं लुगडं, गावाचं नाव जवळपास तेच. आम्ही मिळेल त्या गाडीने लातूरला गेलो. ती दुसरीच कुणी लक्ष्मीबाई होती. तिने सरांचा हात धरला तो सोडेचना. सर तिच्याजवळ बसून राहिले आणि निघताना मला म्हणाले, "हिचा पोरगा बी कुठंतरी असाच हिंडायलाय."

परतीच्या प्रवासात मला माझी आजी आठवत राहिली. शेवटी शेवटी ती आजोबांना विसरली होती, पण माहेरच्या विहिरीच्या गोष्टी सांगायची. मी म्हटलं, "सर, आई माहेरचं नाव तर सांगत नसतील? त्यांचं लग्नाआधीचं नाव काय?"

 सर म्हणाले, "मला म्हाईत न्हाई."

त्यांनी तिथूनच पालमला मामांना फोन लावला. मामांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सर डब्यात ओरडून विचारत होते आणि पलीकडून मामाही ओरडूनच बोलत होते. मलासुद्धा ऐकू आलं. "लक्ष्मी तुमच्या घरची, भाच्या! आमच्याकडं ती चंपी व्हती!"

दुसऱ्या दिवशी सरांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि मी टाइप केलं. 'शोध चंपी.' एकच ओळ खाली आली.

चंपी, वय सांगत नाही, निळं पातळ, गाव पालम, भाऊ न्यायला येणार म्हणते.

सरांनी टेबलावर डोकं टेकलं.

ती यादी पाठवणारा आश्रम तेलंगणात होता. आई पायरीवर बसली होती, फार वाळली होती. सरांनी "आई" म्हणून हाक मारली तर ती घाबरून भिंतीला सरकली. पुन्हा हाक मारली तर रडायलाच लागली. मग सर खाली बसले आणि हळूच म्हणाले, "चंपे, मी आलोय. चल घरी."

"लय उशीर केलास रे भाऊ," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

ज्वारीची काढणी होईपर्यंत ती जगली. सर रोज तिला न्हाऊ घालत, भाकरी कुस्करून भरवत आणि तिचा भाऊ होऊन तिच्याशी बोलत. एकदाही तिने त्यांना मुलगा म्हणून ओळखलं नाही. तेराव्याला मी गेले तेव्हा सर ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मला आई सापडली, मनीषा. तिला मी न्हाई सापडलो."

क्लास त्यांनी माझ्या हवाली केला आणि ते चुडाव्याची शेती बघायला लागले. पेन ड्राईव्ह हातात देताना म्हणाले, "शोध यात हाय. मला आता तो पडदा बघवंना. पण फाईल मोडू नको."

मी मोडली नाही. याद्या अजून येतात, आणि जिंतूर, सेलू, मानवत, कुठून कुठून माणसं क्लासचा पत्ता विचारत येतात. आईचा फोटो पुढे करतात, नाव सांगतात. मी विचारते, "माहेरचं नाव काय?" बहुतेक मुलगे खाली बघतात. मग उठून बाहेर जातात आणि मामाला फोन लावतात. काहींना लावायला मामा उरलेला नसतो.