कमरेची गोळी

उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, थापायचे झाले की भुसावळच्या आमच्या कॉलनीत पहिलं बोलावणं शेजारच्या अक्कांना जायचं. कंबर धरून यायच्या, जेवल्यावर डॉक्टरांनी कमरेसाठी दिलेली गोळी घ्यायच्या. कुणी मागितली तर साफ सांगायच्या, "माले देयेल शे, तुले नही."

मग औषधाच्या दुकानातून बातमी आली, की ती गोळी मनाच्या उदासीवरही देतात. झालं! पुढच्या उन्हाळ्यात बोलावणं बंद. "येडीना हातना बिबडा कोन खाई?"

एका सकाळी अक्का आपणहून आल्या. "सोडी दिनी मी ती गोळी," म्हणाल्या. डॉक्टरांना विचारलंही नव्हतं. बायकांनी लगेच सरकून जागा दिली.

दुपारी त्यांना उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं, तेव्हा त्यांचे डोळे गळत होते. त्यातली एक समाधानाने म्हणाली, "देखा व, हिनी तं खरंच कंबरच दुखस!"