कागदावरचा गडद ठिपका

परवा घराचं रंगकाम काढलं, तेव्हा डब्यातला उग्र वास नाकात गेला आणि पिंपरीजवळची ती लहानशी प्रयोगशाळा आठवली. छप्पन-सत्तावन्न साल असेल. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथं मोठ्या उमेदीनं लागलो होतो. लघवीतली अमिनो आम्लं आम्ही तसल्याच उग्र वासाच्या द्रावणात कागद ठेवून त्यावर ठिपक्यांच्या रूपात पाहायचो. तुलनेसाठी निरोगी बाईचा नमुना हवा होता, म्हणून मी बायकोचा नेला. कागद तापवला आणि त्यातल्या हिस्टिडीन या आम्लाचा ठिपका भलताच गडद उमटला. साहेबांनी विचारलं, "घरी दिवस गेलेत का? गरोदरपणात मूत्रपिंडं हे आम्ल जास्त सोडतात. त्यात काळजी नसते." "नाही, साहेब," मी ठामपणे म्हणालो. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "मग मूत्रपिंडं तपासून घ्या. उशीर नको." बायकोची थोरली बहीण मूत्रपिंडं बिघडून, अंगावर सूज येऊनच गेली होती. सायकल कशी हाणली, मला कळलं नाही. दारातूनच म्हणालो, "आवर, पुण्याला दवाखान्यात जायचंय." ती घाबरून माझ्या आईकडे बघू लागली. कांदे निवडत बसलेली आई मात्र पदर तोंडाला लावून हसली. "आरं, दुसरा म्हैना हाय तिला. तिसरा लागूस्तवर बाप्या माणसाला सांगायचं न्हाई, म्हून मीच तिला गप बसवली व्हती." मी उंबऱ्यावरच बसलो. आता आमची थोरली लेक सगळ्यांना सांगते, "माझी चाहूल आधी आजीला लागली, मग कागदाला. बाबांचा नंबर तिसरा."