वडिलांचा व्यवसाय

फॉर्म अकरा पानांचा होता आणि बारकीनं तो एका बैठकीत भरत आणला. आवडी, छंद, येणाऱ्या भाषा, सगळं झालं. नवव्या पानावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना आला आणि पेन अडलं.

वडिलांचा व्यवसाय उभ्या गल्लीला ठाऊक होता. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं टेबल, टेबलावर दुहेरी घोंगडी, तिच्यावर जुनी चादर आणि चादरीवर सकाळी सातपासून फिरणारी कोळशाची इस्त्री. सत्तावीस वर्षं. बारकी त्याच टेबलाखाली बसून पाढे शिकली होती. पण परदेशातली शाळा, वर्षभराची शिष्यवृत्ती, आणि तिथं लिहायचं काय, तर इस्त्रीवाला? तिनं आढ्याकडे पाहिलं आणि लिहिलं: वस्त्रोद्योग.

यात अगदीच खोटं काय आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली. माणूस स्वतःचाच वकील झाला की खटला कधी हरत नाही.

बाबांनी फॉर्म उलटसुलट केला. परक्या भाषेतलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. "उद्या करतो सही," म्हणाले आणि घडी न पाडता तो टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, वकीलसाहेबांचा काळा कोट रोजच्यासारखा इस्त्री करून दिल्यावर, त्यांनी हात पुसले आणि जीभ दातांत धरून सही केली. बारकीचा जीव भांड्यात पडला.

परदेशात तिची सोय एका बस चालवणाऱ्या काकूंकडे झाली. काकू मोकळ्या स्वभावाच्या. पहिल्याच जेवणाला म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा कापडाचा कारखाना आहे म्हणे! मोठा आहे का गं?"

"तसा बेताचाच," बारकी म्हणाली.

तिथं थांबली असती तरी चाललं असतं. पण एक खोटं पचवायला दुसरं लागतं. महिन्याभरात त्या कारखान्यात चाळीस कामगार कामाला लागले आणि दारावर एक मिशीवाला रखवालदार उभा राहिला. मिशीची खरं तर काही गरज नव्हती.

मग सत्र संपत आलं आणि पाहुण्या विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या मॅडमनी जाहीर केलं, की शेवटच्या शुक्रवारी प्रत्येकानं सभागृहात दहा मिनिटं आपल्या देशाचं काहीतरी दाखवायचं. कुणी ढोल वाजवणार होतं, कुणी नाचणार होतं. बारकीला ना नाच येत होता ना गाणं.

"तुझं तर ठरलेलंच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या बाबांना फोनवरून मोठ्या पडद्यावर घेऊ. ते आपल्याला कारखाना फिरवून दाखवतील!"

त्याच संध्याकाळी बारकीनं बाबांना फोन लावला.

"बाबा, पुढच्या शुक्रवारी इथून तुम्हाला फोन करायचं म्हणत होते. पण मी सांगणार आहे, तुम्ही कामात असता."

"हो का?"

"म्हणजे, तुम्हाला उगाच त्रास नको."

पलीकडे इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. "बरं," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही याचा तिला फार राग आला. खरा राग कुणाचा आला होता, हेही तिला चांगलं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून चार रंगीत कापडं आणली आणि तोच आपल्या कारखान्याचा माल असं ठरवून टाकलं.

शुक्रवारी ती कापडं पोटाशी धरून रंगमंचामागं गेली, तर तिथं हलकल्लोळ. गायनाच्या गटाचे बावीस पांढरे शर्ट मॅडमनी आदल्या दिवशी एकत्र धुवायला दिले होते. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचणीनं लावली होती. कागदाची! चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता, शर्टांचा ढीग पडला होता आणि पडदा उघडायला जेमतेम तास होता.

क्षणभर बारकी सगळं विसरली. कागद कुणी लावतं का? बाबा कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालत, दर घराची खूण वेगळी. आणि एखाद्या शर्टाची खूण निघालीच, तर ते कॉलर आणि बाह्या बघून घर सांगत. म्हणत, "माणूस थापा मारेल, कॉलर मारत नाही."

तिनं एक शर्ट उचलून उजेडात धरला. डावी बाही काठाशी झिजलेली. डावखुरा. "हा तुझा." दुसऱ्याचा उजवा खांदा दप्तराच्या पट्ट्यानं विरलेला. तिसऱ्याची कॉलर मागून घासलेली, ती लांब वेणीवालीची. कपड्यांच्या खोलीत इस्त्री होती, ती तिनं तापवली. एकीकडे शर्ट ओळखायचा, दुसरीकडे इस्त्री फिरवायची, आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. दोन शर्ट चुकले, ते ज्यांचे त्यांनी बदलून घेतले. बाकीचे वीस जिथल्या तिथं गेले.

मॅडम बघतच राहिल्या. "हे तू कुठं शिकलीस गं?"

"बाबांकडे," बारकी म्हणाली. शब्द निघून गेला होता. हातात गरम इस्त्री होती आणि बाजूला कारखान्याचा तो माल पडला होता. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी.

तिची पाळी आली तेव्हा ती इस्त्रीसकट टेबल ओढत रंगमंचावर आली. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. "माझ्या बाबांचा कारखाना नाही," ती म्हणाली. "ते जिन्याखाली उभं राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतात. कामगार नाहीत. रखवालदारही नाही. मी खोटं सांगितलं." मग तिनं स्वतःच बाबांना फोन लावला.

पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. मोठ्या पडद्यावर बाबा दिसले. अंगात लग्नकार्यात घालायचा ठेवणीतला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले आणि मागं ते टेबल, स्वच्छ चादर घातलेलं. भर दुपारी.

"बाबा? तुम्ही तयार होऊन बसलात?"

"म्हटलं, तुझा विचार बदलला तर? ऐन वेळी धावपळ नको."

"बाबा, मी फॉर्ममध्ये..."

"वस्त्रोद्योग," बाबा म्हणाले. "सही करायच्या आधी वकीलसाहेबांकडून वाचून घेतला होता सगळा. कागद न वाचता सही करू नये."

"मग बोलला का नाहीत?"

"पोरगी निघाली होती शिकायला. तिला मध्येच कशाला अडवायचं?" त्यांनी डोळे बारीक करून पडद्यात पाहिलं. "ते राहू दे. आधी हात वर कर बघू. तुझ्या बाहीला दुहेरी घडी पडलीय. वस्त्रोद्योगवाल्यांची मुलगी ना तू? लोक काय म्हणतील?"

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. मॅडमनी हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, बाहीला इस्त्री नीट झालेली नाही," बारकीनं सांगितलं. मग डोळे पुसले, हात बाहीतून आत ओढून घेतला, बाही टेबलावर सरळ पसरली आणि बाबांच्या देखत पुन्हा इस्त्री फिरवायला घेतली.