आधी शेजारी काढायचे

काल आवळ्याच्या फोडी वाळत घालायला गच्चीवर गेले, तर शेजारच्या सुमतीबाई फरशीवर बसून खडूने रेघोट्या ओढत होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताने.

बाई कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात, परराष्ट्र धोरण हा त्यांचा विषय. पहिल्या तासाची त्यांची रीत ठरलेली. फळ्यावर हाताने नकाशा काढायचा, पण आपला देश काढायचा नाही, नुसते शेजारी काढायचे. शेवटी मधे जी जागा उरते, तो आपला देश.

"सोमवारी नवी मुलं येताहेत, काकू. कॉलेज म्हणतं, यंदा पडद्यावर दाखवा."

"मग दाखवा की! हाताला तेवढाच आराम."

"पडद्यावर सगळं आयतं असतं हो. रेघ ओढताना माझा हात कुठे अडखळतो, ते मुलांना दिसायला हवं."

फोडी पसरून मी वाकून पाहिलं. "बाई, तुमची श्रीलंका माझ्या आवळ्यांना येऊन टेकलीय."

"रुसलीय. सोमवारपर्यंत आणते जवळ," म्हणत त्यांनी ती पुसली.

मी चौथी शिकलेली, मला धोरणातलं काय कळणार! पण संसाराचं चित्र मी जन्मभर स्वतःपासूनच काढत आले. मग शेजाऱ्यांना कागदावर जागा उरायची नाही, आणि वर मीच तक्रार करायची.

उन्हं उतरल्यावर फोडी उचलायला गेले. नेपाळ, भूतान, ब्रह्मदेश वाकडेतिकडे, पण जागच्या जागी होते. मधल्या कोऱ्या फरशीवर पाय द्यायला जीव होईना, म्हणून परात घेऊन वळसा घातला. बाई अजून श्रीलंकाच काढत होत्या.